चालान कुठे फाटतात आणि घाण कुठे असते

महापालिकेने केलेल्या दंडाची वॉर्डवार यादी हाती आली की इंदूरात दोन वाक्यं ठरलेली. सुदामानगरचे काका म्हणणार, "बाणगंगेकडे बघा केवढी चालानं, घाणच तेवढी!" आणि बाणगंगेचे म्हणणार, "पावत्या आमच्याच फाडतात, तिकडे कोणी फिरकत नाही." दोघंही त्याच यादीवर बोट ठेवतात, आणि यादीत यातलं काहीच लिहिलेलं नसतं. पावत्या किती फाटल्या, एवढंच तिच्यात असतं.

कारवाईच्या वाटा दोन. एक तक्रारीची: महापालिकेच्या ३११ ॲपवर फोटो टाकायचा, तो झोनच्या कार्यालयाकडे जातो, माणूस येतो. ही सगळ्यांना पाठ आहे. दुसरी गस्तीची: कोणी बोलावलेलं नसताना दरोगा (सफाईवर देखरेख करणारा) किंवा सीएसआय (मुख्य स्वच्छता निरीक्षक) फेरीत थांबतो, ओला-सुका वेगळा आहे का पाहतो, दुकानातली प्लास्टिकची पिशवी निदान १२० मायक्रॉन जाडीची आहे का तपासतो. दोन्हींची पावती सारखीच दिसते, म्हणून यादीत दोन्ही एकत्र मिसळतात. खरा घोळ इथेच होतो.

तक्रारींवरून उल्लंघनं मोजता येत नाहीत. तक्रार करायला फोन लागतो, सवड लागते आणि भीती नसावी लागते. घरमालकाच्या जनरेटरविरुद्ध भाडेकरू ॲप उघडत नाही, मग रात्री ४५ डेसिबलची मर्यादा कागदावर असली तरी. गस्तीचंही तसंच: दरोग्याची पावलं जिथे पडतात तेवढंच तिला दिसतं. ठेला रस्त्यावर उभा, लगेच नजरेत येतो. सोसायटीच्या गेटमागचा डबा दिसत नाही. आता गंमत बघा, रोज १०० किलोंहून जास्त कचरा काढणाऱ्यांवर जादा जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनीच टाकली होती, आणि ही मंडळी बहुतेक गेटच्या आतलीच.

म्हणून चालानांना तपासणीच्या फेऱ्यांनी भागा. समजा, 'अ' वॉर्डात २०० ठिकाणी तपासणी झाली आणि ४० चालानं फाटली. 'ब' मध्ये तपासणी २० ठिकाणी, चालानं १०. यादी वाचून वाटतं 'अ' चौपट घाण. प्रत्यक्षात 'अ' मध्ये पाच जागांमागे एक चूक सापडली, 'ब' मध्ये दोनांमागे एक. तरी यादीत 'ब' सभ्य!

इथवर आलेले हुशार लोकही पुढच्या पायरीवर घसरतात. 'ब' मधल्या वीसही फेऱ्या तक्रारीवरून झाल्या असतील तर? फोटो पाहून गेलेल्या माणसाला चूक सापडणारच, प्रमाण आपोआप फुगतं. तेव्हा तक्रारीच्या फेऱ्या तक्रारीच्या फेऱ्यांशी ताडा, गस्तीच्या गस्तीशी. दोन्हींची सरासरी काढणाऱ्याचं पुढचं मी वाचत नाही.

हे मिळवायचं तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज हिंदीत लिहा, झोनचं कामकाज हिंदीतच चालतं. "भेदभाव का करता?" असं विचारू नका, कायद्यात नोंदी मिळतात, खुलासे नाही. तपासणी रजिस्टरची प्रत मागा: तारीख, वेळ, जागा, तक्रार क्रमांक (गस्त असेल तर कोरा), निकाल. निकालात 'काही आढळले नाही' हा शेरा आहे का ते आधी पाहा. नसेल तर भागायला खालचा आकडाच नाही, आणि त्या रजिस्टरवरून कोणत्याही दोन वॉर्डांची तुलना करता येत नाही. तोंडी समज देऊन सोडलेले लोकही बहुधा तिथे सापडणार नाहीत. एका गल्लीत "उद्यापासून नका ठेवू" आणि दुसरीत थेट पावती, हा फरक मग कागदावर येतच नाही.

दंडाच्या रकमेवर लोक तासभर भांडतात. मला तो दुय्यम प्रश्न वाटतो.

वेळेचा रकाना मात्र सोडू नका. तो कचरागाडीच्या वेळेशी जुळवा. गाडी बोळात शिरत नसेल आणि कोपऱ्यावरच्या ढिगासाठी पावती फाटली असेल, तर ती नोंद वेगळ्या कागदावर उतरवा, कारण तिथे आधी सेवा चुकली आहे. आणि महिने निवडताना स्वच्छ सर्वेक्षणाच्या तोंडावरचे टाळा. एक उन्हाळ्यातला घ्या, एक पावसाळ्यातला.