त्यांच्यात फूट पडली की आपल्याला गुदगुल्या का होतात?

समोरच्या पक्षात दोन गट पडल्याची बातमी आली की कार्यकर्त्याच्या मनात पहिला शब्द उमटतो तो ‘बरी जिरली!’ हा आनंद मानसशास्त्रज्ञांनी तपासलेला आहे. 2009 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पक्षाशी घट्ट बांधलेली माणसं विरोधकांच्या फजितीवर खूश होतात हे तर दिसलंच. पण अर्थव्यवस्था घसरल्याची बातमीसुद्धा, खापर त्यांच्यावर फुटणार असेल तर, थोडी गोड लागते हेही दिसलं. झळ स्वतःला बसणार असली तरी!

मुळात फूट पडते कशी? याचं सर्वांत सुंदर उत्तर एका कराटे क्लबने दिलं आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या क्लबमध्ये शिकवणीच्या शुल्कावरून अध्यक्ष आणि प्रशिक्षक यांचं वाजलं आणि क्लब दुभंगला. वेन झकारी हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे तीन वर्षं निरीक्षण करत होते. क्लबबाहेरही कोणाचं कोणाशी जमतं, याचा त्यांनी नकाशा काढला: 34 माणसं, मैत्रीचे 78 धागे. धागे सर्वांत विरळ कुठे आहेत हे गणिताने शोधून त्यांनी तिथे रेघ मारली. क्लब जवळजवळ त्याच रेघेवर फाटला होता. 1977 साली छापलेल्या या हिशेबात चुकला तो एकच माणूस. त्याची सलगी अध्यक्षाच्या गटाशी थोडी जास्त, पण गेला प्रशिक्षकाकडे. कारण त्याची ब्लॅक बेल्टची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

शुल्काचा वाद हे निमित्त होतं. रेघ आधीपासून होती. पक्षातही जाहीर कारण एक असतं, आणि कोण कोणाच्या घरी जेवायला जातं ही गोष्ट वेगळी असते. विरोधकांचे हुशार दूत या दोन्हींपेक्षा तो ब्लॅक बेल्टवाला माणूस शोधत असतात. राजकारणात त्याच्या बेल्टला उमेदवारी म्हणतात.

मात्र विरोधकांची नजर एका बाबतीत हमखास फसते. आपल्या माणसांतले बारकावे आपल्याला दिसतात, समोरचे मात्र ‘सगळे एकाच माळेचे मणी’ वाटतात. त्यामुळे तिथली रोजची कुरबुरही बाहेरून भूकंपासारखी भासते. मग हात घालायचा मोह होतो. आणि इथेच घोटाळा होतो.

1953 साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यात मुलांचं एक शिबिर भरवलं. मुलांची आधी मैत्री होऊ दिली, मग दोन गट पाडले. भांडण पेटावं म्हणून शिबिराचे कर्मचारी बनलेल्या संशोधकांनी गुपचूप खोड्या केल्या: कपडे पळवले, तंबू पाडला, एकाचं वाद्य मोडलं. मुलं क्षणभर एकमेकांवर धावली, मग बसून बोलली आणि त्यांचा संशय थेट मोठ्यांवर गेला. गट पुन्हा एक झाले. प्रयोग गुंडाळावा लागला. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही ते असं. पुढच्या वर्षी ओक्लाहोमात शेरीफने पुन्हा शिबिर घेतलं तेव्हा दोन गट सुरुवातीपासूनच वेगळे ठेवले होते. पाठ्यपुस्तकांत गाजला तो हा दुसरा प्रयोग. मला पहिला जास्त शहाणा वाटतो.

काठी न मारताही लाभ होतो, फक्त मतमोजणीची पद्धत अनुकूल हवी. सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो अशा पद्धतीत फुटीची शिक्षा जबर असते. मतांच्या प्रमाणात जागा मिळतात तिथे फुटलेला गट वेगळा पक्ष म्हणून सुखाने जगू शकतो. 1912 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्ष तेव्हाचे अध्यक्ष टॅफ्ट आणि माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यात वाटला गेला. टॅफ्ट यांना सुमारे 23 टक्के मतं, रूझवेल्ट यांना 27. बेरीज निम्म्याहून थोडी जास्त. डेमोक्रॅट वूड्रो विल्सन यांना जेमतेम 42 टक्के. पण अमेरिकेत अध्यक्ष ठरवतं ते निर्वाचक मंडळ, आणि राज्यात जो पुढे, त्याला बहुतेक ठिकाणी त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं मिळतात. त्या 531 मतांपैकी 435 विल्सन यांच्या पदरात पडली, टॅफ्ट यांच्या वाट्याला 8.

1916 साली रूझवेल्ट रिपब्लिकन उमेदवाराच्या पाठीशी उभे राहिले. फाटलेलं बरंचसं शिवलं गेलं. तरीही विल्सन तरले, 277 विरुद्ध 254 असे. कॅलिफोर्नियात ते 4,000 पेक्षा कमी मतांनी जिंकले होते. तिथली 13 निर्वाचक मतं समोर गेली असती, तर निकाल फिरला असता.