पुरातत्त्वातील इ. स. १९२२

पहिल्या महायुद्धानंतरच्या उत्खननांत इ. स. १९२२ हे वर्ष वेगळे काढावे लागते. या वर्षी ईजिप्तमध्ये तुतनखामेनचे थडगे सापडले, दक्षिण इराकमध्ये ऊर येथे काम सुरू झाले आणि सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या टेकाडावर कुदळ पडली. गाजावाजा पहिल्याचा झाला. इतिहास नव्याने लिहावा लागला तो मात्र तिसऱ्यामुळे, आणि ते लक्षात यायला आणखी दोन वर्षे गेली. या प्रदेशांत खोदकामाचा हंगाम थंडीचा असल्याने '१९२२चा हंगाम' म्हणजे बहुधा १९२३च्या वसंतापर्यंतचा काळ धरतात.

एवढे सगळे एकाच वेळी सुरू होण्यामागे राजकारण होते. उस्मानी साम्राज्य कोसळले होते; इराक ब्रिटिशांच्या, तर सीरिया व लेबनॉन फ्रेंचांच्या ताब्यात आले होते. युद्धात बंद पडलेल्या मोहिमांना संग्रहालयांकडून पुन्हा पैसा मिळू लागला होता. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला ब्रिटनने ईजिप्तचे स्वातंत्र्य जाहीर केले. हे स्वातंत्र्य अर्धेमुर्धेच होते, पण सापडलेल्या वस्तू कुणाच्या या प्रश्नावर त्याचा परिणाम लगेच दिसला.

मोहेंजोदडो : सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे लारखाना जिल्ह्यातले हे टेकाड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळाकडे, म्हणजे पुण्याच्या कचेरीकडे येई. या मंडळाचे अधीक्षक देवदत्त रामकृष्ण भांडारकर (रा. गो. भांडारकर यांचे चिरंजीव) १९११-१२ मध्ये तिथे जाऊन आले. लोक हे शहर दोनशे वर्षांपूर्वीचे सांगतात व ते चुकीचे दिसत नाही, कारण विटा आधुनिक धाटणीच्या आहेत आणि कोरीव मृण्मय वस्तूंचा पत्ता नाही, असा अहवाल त्यांनी दिला. या शेऱ्याची पुढे पुष्कळ थट्टा झाली; ती सगळीच रास्त नाही. तिथली वीट खरोखरच फसवी आहे. भट्टीत पक्की भाजलेली, कडा सरळ, आणि जाडी, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १:२:४. घरबांधणीची वीट साधारण ७ × १४ × २८ सेंमी. भारतात तोवर माहीत असलेल्या जुन्यात जुन्या विटा मौर्यकाळाच्या आसपासच्या, आणि त्या आकाराने बऱ्याच मोठ्या. त्यांच्याशी तुलना करणाऱ्याला ही आटोपशीर वीट अलीकडचीच वाटणार.

भांडारकरांनंतर या मंडळावर आलेले राखालदास बॅनर्जी यांना हे पटले नाही. त्यांनी १९२२-२३च्या हिवाळ्यात टेकाडावरच्या स्तूपाच्या परिसरात खोदायला घेतले. स्तूप बौद्धकालीन धरला जात होता, पण तिथे अनोळखी लिपीतल्या मुद्रा (ठसा उमटवायचे शिक्के) मिळाल्या. हडप्पाला मिळालेली अशी एक मुद्रा अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ मध्ये छापली होती आणि ती परदेशातून आली असावी असे समजून विषय तिथेच थांबला होता. हडप्पाला दयाराम साहनी यांचे उत्खनन १९२१ मध्येच सुरू झाले होते. त्या टेकाडाची अवस्था मात्र वाईट होती, कारण लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या ठेकेदारांनी खडीऐवजी तिथल्या विटा गाडीभर नेल्या होत्या.

दोन्ही स्थळांत ६०० किलोमीटरांहून जास्त अंतर; वस्तू मात्र एकाच घाटाच्या. सर्वेक्षणाचे महासंचालक जॉन मार्शल यांनी त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या आणि २० सप्टेंबर १९२४ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छायाचित्रांसह लेख लिहिला. त्यांनाही काळ नक्की सांगता येत नव्हता. तो सांगितला मेसोपोटेमियाच्या अभ्यासकांनी. पुढच्या काही आठवड्यांतच सुसा (इराण) आणि सुमेर (दक्षिण इराक) इथल्या वस्तूंशी असलेले साम्य त्यांनी त्याच साप्ताहिकात दाखवून दिले. इराकमधील किश येथे खोदकाम करणारे अर्नेस्ट मॅके यांच्याकडे तशीच मुद्रा निघाली होती. भारतातील नागरी जीवनाचा आरंभ एका झटक्यात दोन हजार वर्षे मागे गेला. श्रेयाच्या बाबतीत बॅनर्जींवर अन्याय झाला असे म्हणायला जागा आहे. ते १९३० मध्ये वारले, आणि त्यांचा सविस्तर अहवाल त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही. १९२४-२५ चा हंगाम काशिनाथ नारायण दीक्षित यांनी चालवला. मोहेंजोदडोच्या नकाशावरील 'डीके' हा भाग त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तुतनखामेनचे थडगे : लक्सरजवळच्या राजांच्या दरीत आता काही उरलेले नाही, असे जाणकारांचे मत झाले होते. हॉवर्ड कार्टर लॉर्ड कार्नार्व्हन यांच्या पैशावर तिथे काही वर्षे खोदत होते, हाती विशेष काही येत नव्हते, आणि कार्नार्व्हन यांनी हात आखडता घ्यायचे ठरवले होते. कार्टर यांनी आर्जव करून एक शेवटचा हंगाम मागून घेतला. सहाव्या रॅमसीजच्या थडग्यापाशी प्राचीन मजुरांच्या झोपड्यांचे अवशेष होते; ते हलवल्यावर ४ नोव्हेंबरला खडकात कोरलेली पायरी लागली. एकूण पायऱ्या १६. कार्टर यांनी जिना पुन्हा बुजवला, इंग्लंडला तार केली आणि मालक येईपर्यंत जवळजवळ तीन आठवडे कळ काढली. २६ नोव्हेंबरला दुसऱ्या दाराला भोक पाडून त्यांनी मेणबत्ती आत धरली. आधी विषारी वायूची चाचणी, मग पाहणे. आतल्या गरम हवेने ज्योत थरथरली आणि हळूहळू सोने दिसू लागले. 'काही दिसते का?' या प्रश्नाला त्यांनी दिलेले प्रसिद्ध उत्तर वेगवेगळ्या लेखनांत वेगवेगळ्या शब्दांत आढळते. बहुधा ते नंतर घासूनपुसून घेतले गेले असावे.

थडग्यात ५,३९८ वस्तू होत्या. त्या बाहेर काढायला दहा वर्षे लागली, आणि या नोंदीच्या दृष्टीने कार्टर यांचे खरे मोठेपण तिथे आहे. एकही वस्तू छायाचित्र व क्रमांकाशिवाय जागची हलली नाही. छायाचित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे हॅरी बर्टन यांनी काढली. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी हात लावताच चुरा होणाऱ्या वस्तू वितळलेल्या मेणाने जागीच घट्ट केल्या. उलट, त्या काळाच्या घडामोडींविषयी थडगे फारसे बोलत नाही. इतिहासाला उपयोगी पडेल असे लेखी साहित्य तिथे जवळजवळ नव्हते. शापाची कथा वृत्तपत्रांनी वाढवली. कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ रोजी डास चावल्याच्या जखमेतून पसरलेल्या संसर्गाने वारले. ज्याने थडगे उघडले ते कार्टर १९३९ पर्यंत जगले.

ऊर : ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांची संयुक्त मोहीम लेनर्ड वुली यांच्या नेतृत्वाखाली १९२२च्या अखेरीस तेल अल-मुकय्यर या टेकाडावर, म्हणजे प्राचीन ऊरच्या जागी, आली. पहिल्याच चरात सोन्याचे मणी निघू लागले. वुली यांनी तो चर बंद केला. मजूर नवखे होते, थर ओळखण्याची सवय त्यांना नव्हती, आणि अशा हातांनी दफनभूमी खोदली तर सोने मिळेल पण माहिती जाईल, हा त्यांचा हिशोब होता. तिकडे ते चार वर्षांनी वळले. १९२६ नंतर उघडलेल्या त्या दफनभूमीत सुमारे १,८५० दफने मिळाली. त्यांतली १६ वुली यांनी राजघराण्याची ठरवली. तिथल्या लाल अकीकाच्या नक्षीदार मण्यांनी सिंधू खोऱ्याशी असलेला व्यापार पक्का केला.

अन्य घडामोडी : फेब्रुवारीत लेबनॉनच्या बिब्लोस येथे पावसाने समुद्राकाठचा कडा ढासळला आणि एका राजाचे थडगे उघडे पडले. तिसरा अमेनेमहात या ईजिप्शियन राजाचे नाव असलेले पात्र त्यात होते. फ्रान्समध्ये पेश-मेर्ल गुहेतील ठिपकेदार घोड्यांची चित्रे दोन किशोरवयीन मुलांना सापडली, तर लेस्प्यूग येथे मॅमथच्या सुळ्याची स्त्रीमूर्ती निघाली. खोदताना ती दुखावली गेली. सीरियात फ्रान्झ क्यूमाँ यांनी ड्युरा-युरोपोस या प्राचीन शहराचे काम हाती घेतले. मेक्सिकोत बायरन कमिंग्ज यांनी क्विक्विल्को येथील लाव्ह्याखाली गाडला गेलेला गोल पिरॅमिड मोकळा करायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांना हवाई दलाने काढलेल्या छायाचित्रांत प्राचीन शेतांचे बांध दिसले. हवाई पुरातत्त्वाची घडी तिथून बसत गेली.

वस्तूंची वाटणी : खोदणाऱ्याला सापडलेल्या वस्तूंचा हिस्सा देण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. तुतनखामेनच्या प्रकरणात तिला तडा गेला. परवान्यानुसार अभंग थडगे पूर्णपणे सरकारचे, चोरांनी उघडलेले असेल तर हिस्सा. हे थडगे प्राचीन काळीच फोडून पुन्हा मोहरबंद केलेले, त्यामुळे दोन्ही बाजूंना बोलायला जागा होती. पुराणवस्तू खात्याचे प्रमुख पिएर लाको ठाम राहिले, १९२४ मध्ये कार्टर यांनी काम थांबवले, आणि अखेर सर्व वस्तू ईजिप्तमध्येच राहिल्या; कार्नार्व्हन यांच्या वारसांना खर्चाची भरपाई मिळाली. इराकमध्ये मात्र वाटणी चालू राहिली. पुराणवस्तूंच्या मानद संचालिका गर्ट्रूड बेल वुली यांच्यासमोर बसून वस्तू निवडत. अशाच एका वाटणीत सोन्याचा भुंगा कुणाचा, हे रुपया उडवून ठरले आणि बेल जिंकल्या. रुपया आपलाच; इराकमध्ये तेव्हा हिंदुस्थानी चलन चालत असे. उरलेल्या वस्तू लंडन आणि फिलाडेल्फियाला गेल्या.

मोहेंजोदडोच्या वस्तू परदेशी मोहिमेच्या नव्हत्या, म्हणून त्या १९४७ पर्यंत एकत्र राहिल्या. फाळणीत त्यांचीही वाटणी झाली. 'पुरोहित-राजा' ही मूर्ती आज कराचीत आहे, कांस्य नर्तकी दिल्लीत. आणि समसमान वाटपाच्या आग्रहापायी काही हार सोडवून त्यांचे मणी दोन्ही देशांत अर्धे-अर्धे देण्यात आले.