नॅरोबोटीवरील राहणी आणि डागडुजी

नॅरोबोट ही इंग्लंड व वेल्समधील अरुंद कालव्यांतून चालणारी, सपाट तळाची, लांबट नौका आहे. तिची रुंदी जेमतेम ७ फूट (सु. २.१ मी.) असते आणि लांबी जास्तीत जास्त ७२ फुटांच्या आसपास. हे माप लॉकांनी, म्हणजे पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्याच्या दारबंद हौदांनी, ठरवून दिले आहे. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने १७६६ मध्ये काम सुरू झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर खर्च आणि पाणी वाचवण्यासाठी अरुंद लॉक बांधले. पुढे मिडलँड्समधील, म्हणजे मध्य इंग्लंडमधील, बहुतेक कालव्यांनी तेच माप उचलले. आपल्याकडच्या पाटाच्या कालव्यासारखा इथे प्रवाह नसतो; पाणी जवळजवळ स्थिर असते आणि वेगमर्यादा ताशी ४ मैल.

या बोटी मुळात मालवाहू होत्या, आणि प्रामुख्याने कोळसा वाहत. एकोणिसाव्या शतकात रेल्वेशी स्पर्धा सुरू होऊन वाहतुकीचे दर पडले, तेव्हा अनेक नावाड्यांनी काठावरचे भाड्याचे घर सोडले आणि बायकामुलांसह ते बोटीवर आले. राहायला मागच्या टोकाची सुमारे १० फूट लांबीची खोली. बाकी सगळी जागा मालाची. तेवढ्यात चूल, उघडून टेबल होणारे कपाट आणि रात्री आडवा पाडायचा पलंग बसवलेला असे. गुलाब आणि किल्ल्यांची प्रसिद्ध रंगीत चित्रे याच खोल्यांवरची. ती पाहून आज मन हरखते. पण त्याच खोल्यांतील दाटीमुळे जॉर्ज स्मिथ या सुधारकाने चळवळ उभारली आणि १८७७ च्या कायद्याने राहत्या बोटींची नोंदणी व माणसांच्या संख्येवर मर्यादा आली. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि आधीच आटत आलेली मालवाहतूक जवळपास संपली. त्यापूर्वी १९४६ मध्ये स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनने मात्र कालवे बुजवू न देण्यासाठी लढा सुरू केला होता.

आजची नॅरोबोट बहुधा पोलादी असते. पत्र्याची जाडी तळाला १०, बाजूंना ६ आणि वरच्या खोलीला ४ मिलिमीटर हे रूढ प्रमाण. घरात जे नळ फिरवून किंवा बटण दाबून मिळते, ते इथे आणावे, साठवावे आणि मोजून वापरावे लागते. पाण्याची टाकी साधारणपणे पुढच्या टोकाला असते आणि ती काठावरच्या सार्वजनिक नळावरून भरतात. वीज १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येते; त्या इंजिनाने किंवा छतावरच्या सौर पट्ट्यांनी भारित होतात. हिवाळ्यात ऊन नसते आणि बोट बांधलेली असते, म्हणून नुसत्या विजेसाठी इंजिन चालवावे लागते. शौचकूपाची डबी ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करणे हे रोजच्या गप्पांतले हक्काचे प्रकरण. ऊब बिडाच्या शेगडीतून मिळते. धुराडे तुंबले तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जाऊ शकतो, म्हणून २०१९ पासून त्याचा गजर बसवणे सक्तीचे आहे. सुरक्षिततेचा दाखला दर ४ वर्षांनी घ्यावा लागतो.

डागडुजीचा खरा विषय म्हणजे गंज. दर दोन-तीन वर्षांनी बोट सुक्या गोदीत घेऊन शेवाळ व शिंपले पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढतात, गंज खरवडतात आणि डांबरी रंगाचे दोन-तीन हात देतात. सोबत मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. पोलादाऐवजी ते झिजतात. बोट काठावरच्या विजेला जोडलेली असेल तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी विद्युतमंडल तयार होऊन ही झीज फार वाढते. ते तोडण्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवतात. जुन्या बोटीच्या पत्र्याची जाडी ध्वनिलहरींनी मोजली जाते. ती ४ मिलिमीटरखाली गेली की अनेक विमा कंपन्या कुरकुर करतात आणि वरून दुसरा पत्रा जोडण्याचा महागडा उपाय पुढे येतो. नवखे मालक बाहेरच्या रंगाचीच काळजी वाहतात. पण गंज पत्रा आतूनही तितकाच खातो: श्वासाची व स्वयंपाकाची वाफ थंड पोलादावर ओल होऊन खोलीच्या जमिनीखाली उतरते आणि बोट स्थिर राहावी म्हणून वजनासाठी तळाशी रचलेल्या फरश्यांखाली वर्षानुवर्षे तशीच राहते.

इंजिनाकडून पंख्याकडे, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरकडे, जाणारा दांडा जिथे बोटीबाहेर पडतो, तिथे ग्रीस भरलेले पॅकिंग असते. दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसची मूठ फिरवून ठिबकणे थांबवायचे, ही चुकवू नये अशी सवय. पंख्यात पिशव्या, दोर, तारा अडकतात. त्या काढायला वरच्या बाजूने एक झाकण असते. इंजिन बंद करून, बर्फासारख्या पाण्यात दंडापर्यंत हात घालून आणि आंधळेपणाने चाचपत हे काम करावे लागते. नंतर झाकण घट्ट बसवले नाही, तर पंख्याने उसळलेले पाणी आत शिरून बोट बुडू शकते. लॉकमध्ये खाली उतरतानाही असाच धोका असतो: वरच्या दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर मागचा भाग टेकून राहिला, तर बोट कलंडते आणि पुढून पाणी घेते. अशा वेळी लॉकमधले पाणी बाहेर सोडणारी खालच्या दाराची झडप ताबडतोब बंद करायची असते.

बोट कायमची बांधून ठेवायची जागा नसलेल्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मुलांची शाळा, टपालाचा पत्ता आणि नोकरी यांचा मेळ घालणे त्यामुळे अवघड जाते. घरभाडे परवडत नाही म्हणून बोटीवर आलेल्या लंडनकरांना याचा जाच अधिक. २०१२ पासून इंग्लंड-वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळणारा कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट लॉकांची मोठी दुरुस्ती हिवाळ्यात, पाणी उपसून करतो. त्यामुळे थंडीतला मार्ग आखताना आधी बंद लॉकांची यादी पाहावी लागते.