हजारात एखादं रोप

खाण बंद पडून शतक उलटलं तरी तिच्या तोंडाशी टाकलेल्या मातीचे ढीग बोडकेच राहतात. शिसं, जस्त, तांबं कुजत नाही की विरत नाही. तरीही वेल्समधल्या अशा ढिगांवर अ‍ॅग्रोस्टिस नावाचं बारीक पात्याचं गवत तग धरून आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ अँथनी ब्रॅडशॉ यांनी ते आणि जवळच्या कुरणातलं त्याच जातीचं गवत खाणीच्या मातीत लावून पाहिलं. कुरणातल्या रोपांनी मुळंच धरली नाहीत, ती मेली. खाणीवरची वाढत राहिली. हे निष्कर्ष १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

जड धातूंचा पहिला घाव मुळाच्या टोकावर बसतो, म्हणून सहनशक्ती मोजायची ती मुळाची लांबी पाहून. बचावही तिथेच सुरू होतो. काही धातू पेशीभित्तिकेतच अडकतो. कॅडमियम आत शिरलंच, तर पेशी आपल्यातल्याच ग्लुटाथायोन या छोट्या रेणूपासून फायटोकेलॅटिन नावाच्या छोट्या साखळ्या जोडते. त्यांच्यातलं गंधक कॅडमियमला घट्ट धरतं आणि ही जोडगोळी रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या कोठारात, बंद होते. आर्सेनिकची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचं मातीतलं एक रूप, दिसायला फॉस्फेटसारखं, त्यामुळे मूळ फसतं आणि खत समजून विष ओढून घेतं. होल्कस या गवताची आर्सेनिक सोसणारी रोपं फॉस्फेट शोषण्याची ती वाटच आवळून घेतात.

पण ही क्षमता आली कुठून? विषाने ती शिकवली नाही. कधीही खाण न पाहिलेल्या कुरणातलं बी तांब्याच्या मातीत पेरलं, तरी हजारात एखाद-दुसरं रोप जगतं. खाणीवर फक्त त्याचीच पिढी पुढे जाते. साध्या जमिनीत मात्र तेच रोप इतरांपुढे मागे पडतं, म्हणून कुरणात ते विरळाच राहतं. वारा दोन्हीकडचे पराग मिसळवत असतो, तरी काही फुटांवर गवताचा स्वभाव बदललेला सापडतो. खाणीवरचं गवत फुलतंही थोडं आधी, त्यामुळे संकर कमी होतो.

यातूनच पॅरिस (Parys), गोगिनन, मर्लिन ही खास वाणं निघाली. पॅरिस तांब्याच्या जमिनीसाठी, बाकीची दोन शिसं-जस्ताच्या. त्यांनी झाकलेल्या ढिगावरून धूळ उडत नाही, पावसाने माती ओढ्यात जात नाही. बराचसा धातू मुळांपाशीच थांबतो, पात्यांत कमी चढतो. तरी तिथे गुरं सोडण्याआधी पाती तपासायला हवीत. हिरवळीखालचं शिसं होतं तेवढंच आहे.