वेब फ्रेमवर्कमधल्या विजेटचं स्टायलिंग

विजेटचं स्टायलिंग म्हणजे वेब ॲप्लिकेशनमधल्या बटन, टेक्स्टबॉक्स, लिस्ट, टॅब, डायलॉग अशा तयार तुकड्यांचा रंग, फॉन्ट, कडा, मोकळी जागा हे सगळं प्रोग्रामच्या कोडमध्ये न लिहिता वेगळ्या स्टाईलशीटमधून, म्हणजे रूपाचे नियम लिहिलेल्या फाईलमधून, ठरवणं. हे नियम ज्या भाषेत लिहितात ती सीएसएस. साध्या वेबपेजचं एचटीएमएल आपणच लिहिलेलं असतं त्यामुळे तिथं हे सोपं जातं, पण फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे ॲप बांधायच्या तयार सांगाड्यात, एचटीएमएल फ्रेमवर्क तयार करतं, आपण फक्त 'एक बटन दे' एवढंच म्हणतो, मग आत कोणते टॅग आले आणि त्यांना कोणता क्लास (नियम चिकटवायचं नाव) लागला हे बघितल्याशिवाय सीएसएस लिहायला बसलं की तासन्‌तास जातात आणि स्क्रीनवर काहीच बदलत नाही.

सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडली, पुढे बर्ट बोस यांच्यासोबत ती वाढवली आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली अधिकृत आवृत्ती आली. गूगल वेब टूलकिट, म्हणजे जीडब्ल्यूटी, मे २००६ मध्ये आलं. यात स्क्रीन जावामध्ये लिहायचा आणि कंपायलर त्याचं जावास्क्रिप्ट करतो. विजेटचं स्टायलिंग समजून घ्यायला हे फ्रेमवर्क फार चांगलं आहे कारण कोडचं काम काय आणि स्टाईलशीटचं काय याची वाटणी यात उघड दिसते.

ही वाटणी अशी: कोडने विजेटला नाव द्यायचं, रूप स्टाईलशीटने द्यायचं. जीडब्ल्यूटीच्या बहुतेक विजेटना जन्मतःच एक क्लास असतो, बटनाला 'जीडब्ल्यूटी-बटन', लेबलला 'जीडब्ल्यूटी-लेबल' असा, याला प्रायमरी नाव म्हणतात. त्याच्या पुढे अवस्थेचं नाव जोडता येतं, उदाहरणार्थ टेक्स्टबॉक्स फक्त वाचण्यापुरता केला की फ्रेमवर्क स्वतःच नावापुढे 'रीडओन्ली' लावून आणखी एक क्लास देतं, आणि पुशबटनाला तर वर-खाली, माऊस वर आलेला, बंद अशा मिळून ६ अवस्था आहेत आणि प्रत्येकीला वेगळा क्लास. इथं सगळ्यात जास्त घोळ दोन फंक्शनमध्ये होतो. 'ॲडस्टाईलनेम' आधीच्या नावांत एक भर घालतं, 'सेटस्टाईलनेम' मात्र आधीची सगळी नावं पुसून नवीन टाकतं, म्हंजे प्रायमरी नावसुद्धा जातं आणि थीममधून, म्हणजे फ्रेमवर्कच्या तयार स्टाईलशीटमधून, आलेली कडा, पॅडिंग (मजकुराभोवतीची आतली जागा) सगळं गायब. नवीन माणसाला वाटतं सीएसएस बिघडलं, तर सीएसएस जागेवरच असतं, ते ज्या नावाला चिकटायचं ते नावच उरलेलं नसतं.

नाव काय द्यावं हा प्रश्न छोटा वाटतो पण पुढची दोन वर्षं त्याच्यावर अवलंबून असतात. नाशिक जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ, लासलगावसारख्या बाजार समितीत कांद्याची आवक नोंदवायचा फॉर्म: वाहन, वजन क्विंटलमध्ये, प्रकार उन्हाळ की लाल की गोल्टी, लिलावात मिळालेला भाव, आणि हिशोबपट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब, झाली का बाकी. पट्टी बाकी असलेली ओळ लाल दिसावी म्हणून कोणी क्लासला 'लाल' नाव दिलं, तर लाल कांद्याच्या ओळीला दुसरं कोणी तेच नाव देणार आणि उद्या बाकीचा रंग केशरी करायचा ठरला की 'लाल' नावाचा क्लास केशरी रंग दाखवत बसणार. 'पट्टी-बाकी' असं अर्थाचं नाव दिलं की रंग कितीही वेळा बदला, जावाच्या फाईलला हात लावावा लागत नाही.

दुसरी अडचण इनलाईन स्टाईलची. जावामधून 'सेटविड्थ' किंवा 'सेटपिक्सेलसाईझ' वापरलं की ती किंमत थेट टॅगवर लिहिली जाते आणि स्टाईलशीटमधला साधा नियम तिच्यापुढे हरतो, मग लोक नियमाला जबरदस्तीने वर आणणारा 'इम्पॉर्टंट' लावतात, तो दुसऱ्या नियमाशी भांडतो म्हणून तिथं पण 'इम्पॉर्टंट', आणि हळूहळू कुठला नियम का लागतोय हे कोणालाच सांगता येत नाही. मापं स्टाईलशीटमध्येच ठेवावीत. थीम मॉड्यूल फाईलमध्ये (जीडब्ल्यूटी प्रोजेक्टच्या मांडणीच्या फाईलमध्ये) आधी घ्यायची आणि आपलं स्टाईलशीट नंतर, कारण दोन नियम सारख्याच वजनाचे असले तर नंतरचा जिंकतो.

मराठी स्क्रीनसाठी तर हे सगळं दुपटीने महत्त्वाचं आहे, आणि यावर लिहिलेलं फार कमी सापडतं. बहुतेक थीम रोमन अक्षरं डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात, देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार येतो, त्यामुळे ठरावीक उंचीच्या बटनात 'पूर्ण' मधला रफार किंवा ऊकार कापला जातो. यावर उपाय म्हणजे उंची न बांधता लाईन-हाईट, म्हणजे ओळीची उंची, फॉन्टच्या १.६ पटीच्या आसपास ठेवणं आणि वरखाली पॅडिंग देणं. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, देवनागरीला लावूच नये, शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. रुंदीही पिक्सेलमध्ये बांधू नये, इंग्रजीत चार अक्षरांत बसणारं बटन मराठीत 'नोंद जतन करा' होतं.

अजून एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. बॉडीला, म्हणजे सगळ्या पेजच्या बाहेरच्या टॅगला, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फॉन्ट दिला तरी बटनं आणि टेक्स्टबॉक्स तो घेत नाहीत, ब्राउझर त्यांना स्वतःचा फॉन्ट देतो, त्यामुळे लेबल एका वळणाचं आणि बटन दुसऱ्याच वळणाचं दिसतं. या विजेटना 'फॉन्ट: इनहेरिट', म्हणजे वरच्याचाच फॉन्ट घे, असं मुद्दाम सांगावं लागतं. तसंच पेजची भाषा हिंदी न ठेवता मराठी लिहावी, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथं मग आपल्या वळणाचे ल आणि श येतात. शाळेत गिरवलेलं अक्षर स्क्रीनवर तसंच दिसलं पाहिजे, ही मागणी अजिबात जास्तीची नाही.

डायलॉगबॉक्स आणि पॉपअप यांचं वेगळंच. ते दिसायला फॉर्मच्या वर येतात पण एचटीएमएलमध्ये फॉर्मच्या आत नसतात, थेट बॉडीला जोडले जातात, म्हणून 'आवक-फॉर्मच्या आतलं बटन' असा नियम लिहिला असेल तर तो डायलॉगमधल्या बटनाला लागतच नाही.

डिसेंबर २००९ च्या जीडब्ल्यूटी २.० मध्ये युआयबाईंडर आणि सीएसएसरिसोर्स आले. युआयबाईंडरमध्ये स्क्रीनची रचना एक्सएमएलमध्ये लिहायची आणि त्या स्क्रीनपुरती स्टाईल तिथंच ठेवायची. सीएसएसरिसोर्समध्ये प्रत्येक क्लास जावाच्या इंटरफेसमधलं एक फंक्शन होतो, नाव चुकलं तर कंपाईलच होत नाही, आणि कंपायलर क्लासची नावं बदलून छोटी करतो म्हणून दोन स्क्रीनवरचा 'शीर्षक' क्लास एकमेकांत मिसळत नाही. बाहेरचं नाव जसंच्या तसं हवं असेल, समजा 'जीडब्ल्यूटी-बटन', तर ते 'एक्स्टर्नल' म्हणून जाहीर करावं लागतं. आणि वेगळ्या फाईलमधली स्टाईल असेल तर 'एन्शुअरइंजेक्टेड' बोलावल्याशिवाय ती पेजवर येतच नाही.

व्हादिन हे फिनलंडचं फ्रेमवर्क ८ व्या आवृत्तीपर्यंत जीडब्ल्यूटीवरच उभं होतं, २०१८ च्या १० व्या आवृत्तीपासून ते वेब कंपोनंटवर, म्हणजे ब्राउझरलाच समजणाऱ्या स्वतंत्र टॅगवर, गेलं. या वेब कंपोनंटचा आतला भाग बहुतेक शॅडो डॉम नावाच्या वेगळ्या कप्प्यात बंद असतो, बाहेरचा सिलेक्टर (नियम कोणाला लागायचा हे सांगणारा भाग) आत पोचत नाही, त्यामुळे जुनी सवय इथं मोडावी लागते. रंग आणि मापं कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे आपण नाव दिलेल्या सीएसएस किमती, म्हणून द्यायची, त्या आतपर्यंत झिरपतात, किंवा कंपोनंट लिहिणाऱ्याने 'पार्ट' म्हणून जो भाग मोकळा ठेवला असेल त्यालाच हात लावायचा. ल्युमो ही तिथली थीम अशा प्रॉपर्टींवरच चालते.

वापराची जागा पण बघायला हवी. उघड्या आवारात दुपारच्या उन्हात टॅब्लेटवर लिलाव नोंदवणाऱ्याला पांढऱ्यावरचा फिकट करडा मजकूर दिसत नाही. वेबच्या सुलभतेच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्याला ३ ला १ कॉन्ट्रास्ट सांगितलाय, तो उन्हातल्या माणसालाही तेवढाच उपयोगी आहे. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या एखाद्या स्टोअरमध्ये हातमोजे घालून काम करणाऱ्यासाठी बटनं मोठी आणि लांब लांब हवीत, आणि क्लासची नावं नीट असली तर त्याच ॲपला दुसरं स्टाईलशीट लावून हे होतं.

छपाईसाठीही तेच. शेतकऱ्याच्या हातात द्यायची पट्टी त्याच स्क्रीनवरून छापायची असेल तर 'मीडिया प्रिंट' मध्ये, म्हणजे फक्त छापताना लागणाऱ्या नियमांत, मेनू, टॅब आणि बटनं लपवायची, मागचे रंग ब्राउझर बहुतेक वेळा छापतच नाही म्हणून 'पट्टी-बाकी' ला रंगासोबत जाड कडा द्यायची, आणि 'बाकी' हा शब्द ओळीत अक्षरांनी लिहिलेला ठेवायचा.