पिवळा की पांढरा: मरीन ड्राइव्हचा वाद आणि केल्विनचा आकडा

दिव्याच्या खोक्यावरचा 2700, 4000 किंवा 6500 हा केल्विनचा आकडा उजेडाची छटा सांगतो. आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर पांढरा. उजेड किती पडेल ते ल्युमेनवरून कळतं. या दोन गोष्टींची गल्लत सगळ्यांदेखत झाली ती 2015 साली, मुंबईत मरीन ड्राइव्हवर.

जुन्या तारेच्या बल्बमध्ये छटा निवडायचा प्रश्नच नव्हता, तो साधारण 2700 केल्विनला पिवळाच पेटायचा. ट्यूबलाइट आली आणि घराघरांत 6500 ची ‘कूल डेलाइट’ रुळली. पांढरा म्हणजे लख्ख, पिवळा म्हणजे मिणमिणता, हे डोक्यात बसलं ते तेव्हापासून. रस्त्यांवर मात्र सोडियमचे दिवे होते, 2000 केल्विनच्या आसपासचे. मलबार हिलवरून दिसणारा सोनेरी क्वीन्स नेकलेस, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची हारासारखी वळणदार रांग, त्यांचाच.

2015 च्या सुरुवातीला वीजबचतीसाठी ते दिवे उतरवून पांढरे एलईडी लावले गेले आणि गदारोळ उठला. केंद्रात आणि राज्यात एक पक्ष, पालिकेत त्याचाच मित्रपक्ष, त्यामुळे राजकारण आलंच. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. एक बाजू म्हणे, वीज वाचते आणि स्पष्ट दिसतं. त्यात तथ्य होतं: सोडियमखाली लाल गाडी कोणती नि तपकिरी कोणती, हेही धड कळत नाही. दुसरी बाजू म्हणे, शहराची ओळख पुसली. पण एलईडी म्हणजे पांढराच, असं दोघांनीही धरून चाललं होतं. तसं मुळीच नाही. एलईडीची चिप निळा उजेड देते, तिच्यावरचा फॉस्फरचा थर त्याला पांढरा करतो. थराचं मिश्रण बदललं की तोच दिवा 3000 चा होतो, फक्त त्याच विजेत उजेड थोडा कमी मिळतो. तेव्हा ही घट आजच्यापेक्षा जास्त होती, हे मान्य. तरीही रंग राखून वीज वाचवता येत होती, आणि हा पर्याय दिवे उतरवण्याआधीच लोकांपुढे ठेवायला हवा होता. पुढे तिथे पिवळसर छटेचे एलईडी लागले, म्हणजे रहिवाशांची मागणी अवाजवी नव्हतीच.

घरांच्या बाबतीत असा वाद झालाच नाही. त्याच वर्षी सरकारी योजनेतून स्वस्त एलईडी बल्ब देशभर वाटले जाऊ लागले, तेही बहुतांशी पांढरे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने 2016 मध्ये रस्त्यांसाठी 3000 केल्विन किंवा त्याहून कमीचे दिवे सुचवले. निळा उजेड रात्री झोपेच्या मुळावर येतो, हे त्यामागचं एक कारण. झोपायच्या खोलीला तर ते जास्तच लागू पडतं.

आता एकाच बॅटनमध्ये, म्हणजे ट्यूबसारख्या लांबट एलईडी दिव्यात, तीन छटा मिळतात, बटण बंद-चालू केलं की बदलतात. साधा बल्ब मागितला तर मात्र दुकानदार बहुधा 6500 चाच काढून देतो. 3000 चा हवा असेल तर ‘वॉर्म व्हाइट’ असं सांगून मागावा लागतो.