जखमेला काही फासण्याआधी एकदा दाखवा

आमच्या दवाखान्यात फोन येतो तो बहुधा असा : "डॉक्टर, बैलाला जखम झालीय, फोटो टाकलाय, औषध सांगा." फोटो उघडावा तर जांभळा, चंदेरी नाहीतर काळाकुट्ट डाग. खाली काय आहे ते देवालाच ठाऊक. काय लावलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं : "काही नाही, जरा जळकं ऑइल."

हा कागद त्या 'जरा'साठी छापलाय.

जखम ओळखायची ती काठावरून, तळाच्या रंगावरून आणि वासावरून. तळ लाल, दाणेदार आणि वास नसेल तर ती भरतेय, फार औषध लागत नाही. काठ जाड, वर उचललेले, हात लागताच रक्त आणि वीस दिवस औषध करूनही तीच गत, तर कर्करोगाची शंका घेऊन तुकडा तपासायला पाठवावा लागतो. लम्पीची गाठ गळून पडली की तिथं खोलगट खड्डा राहतो. वरून रंग फासला की सगळं सारखंच.

एकदा बेंदराच्या आदल्या दिवशी एक बैल आला. जुवाने खांदा सोलवटलेला, त्यावर चार दिवस रोज ऑइलचा थर. तो काढण्यातच पाऊण तास गेला आणि एक लाथ माझ्या गुडघ्याला मिळाली. खाली बोट जाईल एवढं भोक निघालं. जखमेचं तोंड बंद झाल्यामुळे पू आतल्या आत पसरला होता. सणाआधीची खांदेमळणी (बैलाचे खांदे चोळणं) बाजूलाच राहिली, बैलाचं जू पुढे दीड महिना सुटलं.

हळद लावली म्हणून आम्ही रागवत नाही, पण फोटो आधी काढा. फिनाईल, डिझेल, सेलमधली काळी पूड मात्र नकोच. नवं येणारं मांस त्यानं जळतं. कुत्रं-मांजर तर जखम चाटतं, म्हणजे फिनाईल थेट पोटात.

"फिनाईलनं आसडी (जखमेतल्या अळ्या) मरते की!" मरते, पण मेलेल्या अळ्या आतच कुजतात. अळीचं डोकं मांसात आणि श्वासाची भोकं मागच्या टोकाला असतात. टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की ती गुदमरून वर येते, मग चिमट्यानं वेचायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा का येता, पुन्हा फी का, असं विचारतात. माशीच्या अंड्यातून 12 ते 24 तासांत अळी निघते. काल राहिलेलं अंडं आज अळी झालेलं असतं, म्हणून.

तुम्ही एवढंच करा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड-दोन छोटे चमचे मीठ घाला, त्यानं जखम धुवा, उजेडात दोन फोटो काढा : एक जवळून, एक अख्ख्या जनावराचा. जवळच्या फोटोत शेजारी दहाचं नाणं धरा. जनावराचं वय, गाभण आहे का, जखम किती दिवसांची, हे लिहा. दुधाळ असेल तर तेही, कारण प्रतिजैविक दिलं की ठरावीक दिवस दूध डेअरीला घालता येत नाही.

एका बाबतीत जनावर आमच्याकडे आणूच नका. लाळ गळतेय आणि लंगडतंयही, तर लाळ्या-खुरकूत धरून चाला. जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येऊन फुटतात, तिथंच व्रण होतात. टेम्पोत घालून आणलंत तर वाटेतल्या गोठ्यांनाही प्रसाद. वेगळं बांधा, फोन करा, आम्ही येतो. वासरू त्या गाईला पिऊ देऊ नका, दगावतं. यावरची लस सरकारी दवाखान्यातून वर्षातून दोनदा फुकट मिळते. ती आम्ही विकत नाही, तिथूनच टोचून घ्या.

आणि लाळ गळतेय म्हणजे घशात काटा अडकला असेल, असं समजून उघडा हात तोंडात घालू नका. पिसाळलेल्या जनावराचीही लाळ गळते. शेळ्यांच्या ओठांवरच्या माव्याला (फोड-खपल्यांच्या रोगाला) हात लावतानाही हातमोजे घाला, तो माणसाच्या बोटांवर उठतो.

कापूस, पट्टी, हातमोजे आणि माशा बसू न देणारं मलम अशी तयार पिशवी काउंटरवर मिळते. घरात असेल तर घेऊ नका. फोटो सकाळी दहाच्या आत आला तर त्याच दिवशीच्या फेरीत तुमचं गाव धरतो. ऑइलची धुलाई असेल तर नंबर शेवटचा, आणि धुलाईचे पैसे वेगळे.